ओल्गा राणी झाली असती तर...

मैत्रिणींनो,

इतिहासात जर-तरला जागा नसते, असं आपण शाळेत शिकलो. बायकांच्या बैठकीत मात्र जर-तरशिवाय पान हलत नाही. मी मुलगा असते तर, मला भाऊ नसता तर, कायदा तेव्हाच बदलला असता तर... रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या हा हिशेब न मांडलेली बाई विरळाच. म्हणूनच अभ्यासगटात रशियन क्रांतीवर वाचन चालू असताना एका तरुण मैत्रिणीनं मध्येच विचारलं, “झारला ओळीनं चार मुली होत्या ना? मग थोरलीला का नाही गादीवर बसवलं?” आधी हशा झाला. मग वाद सुरू झाला. आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या चांगल्याच वैतागल्या. “राण्यांसाठी रडायला आपण कशाला जमलोय? गादीच नको म्हणणारी माणसं आपण!” त्यांचंही खरं होतं. पण तरुण मैत्रिणीचा प्रश्न त्या उत्तरानं मिटला नाही. या अंकाचं संपादकीय त्या भांडणातूनच आलंय.

आधी हकिकत सांगते. १९०० सालचा शरद ऋतू. रशियाचा झार दुसरा निकोलस क्रिमियात, काळ्या समुद्राकाठच्या लिवादियाच्या राजवाड्यात विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. झारीना अलेक्झांड्रा स्वतः रात्रंदिवस उशाशी बसून त्याची शुश्रूषा करत होती. ती चौथ्यांदा गरोदर होती. ओल्गा, तात्याना, मारिया या तीन मुली घरात खेळत होत्या. थोरली ओल्गा पाच वर्षांची होत होती. आणि तिकडे मंत्री जमून खल करत होते, की झार गेलाच तर पुढे कोण?

अर्थमंत्री सर्गेई विट्टे यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग लिहून ठेवलाय. कायदा स्पष्ट आहे, झारचा धाकटा भाऊ मिखाईल तत्काळ गादीवर बसेल, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप निघाला तो एवढाच, की झारीना गरोदर आहे, तिला मुलगा झाला तर? म्हणजे बघा, जन्माला न आलेल्या, कदाचित मुलगा असू शकेल अशा गर्भाच्या हक्काची चर्चा झाली. जन्मलेल्या, चालत्या-बोलत्या तीन मुलींची झाली नाही. निकोलस बरा झाला आणि प्रश्न तिथेच मिटला. पुढच्या वर्षी, १९०१ च्या जूनमध्ये बाळ जन्मलं. ती अनास्तासिया. चौथीही मुलगीच.

मुलींना गादी नाही हा नियम रशियात काही अनादिकाळापासून चालत आलेला नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. ‘परंपरा’ म्हणून जे आपल्यापुढे ठेवलं जातं, त्याची जन्मतारीख विचारायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. इथे ती तारीख सापडते. पीटर द ग्रेटनं १७२२ मध्ये नियम केला, की सम्राट स्वतः आपला वारस नेमेल. त्यानंतर १७२५ ते १७९६ या एकाहत्तर वर्षांत सुमारे सदुसष्ट वर्षं रशियावर बायकांनी राज्य केलं. पहिली कॅथरीन, अ‍ॅना, एलिझाबेथ आणि चौतीस वर्षं दुसरी कॅथरीन. बाईला राज्य झेपत नाही, असं निदान त्या देशात तरी कुणाला म्हणायची सोय नव्हती.

मग दुसऱ्या कॅथरीनचा मुलगा पावेल गादीवर आला. आईनं बापाला पदच्युत केलं आणि थोड्याच दिवसांत तो मारला गेला, ही सल त्याच्या मनात आयुष्यभर होती. आपल्यालाही डावलून ती नातवाला गादी देणार, ही भीती होती. १७९७ मध्ये राज्याभिषेकाच्या दिवशीच त्यानं वारसाहक्काचा नवा कायदा जाहीर केला. घराण्यातल्या सगळ्या शाखांमधले सगळे पुरुष संपले, तरच स्त्रीचा नंबर. त्याची बाजू अगदीच खोटी नव्हती. अठराव्या शतकभर राजधानीतल्या पलटणी हाताशी धरून गाद्या उलथवल्या जात होत्या, त्याला आळा घालायला ठरावीक क्रम हवाच होता. पण क्रम ठरवायचा म्हणजे मुलींना रांगेच्या शेवटी उभं करायचं, हे कुठून आलं? थोरलं अपत्य, मग ते कुणीही असो, एवढं म्हटलं तरी क्रम ठरलाच असता. एका मुलाचा आईवरचा राग त्या घराण्यातल्या पुढच्या सगळ्या मुलींनी भोगला. (आणि ठरावीक क्रम करूनही पावेल वाचला नाही. १८०१ मध्ये त्याच्याच दरबाऱ्यांनी त्याला मारलं.)

गंमत अशी, की या कायद्यात स्त्री राज्यकर्तीची कल्पना होतीच. ती गादीवर आली तर तिच्या नवऱ्याला सम्राट मानायचं नाही, इतका बारीक विचार त्यात केलेला होता. फक्त तिच्या आधी डझनावारी काका, चुलते, चुलतभाऊ रांगेत. आणि तो बदलता येत नव्हता असंही नाही. १८२० मध्ये पहिल्या अलेक्झांडरनं त्यात लग्नाविषयीचं नवं कलम घातलं होतं. सर्वसत्ताधीश झारच्या एका सहीचं काम होतं. निकोलसनं ती सही केली नाही. तो मुलींचा लाडका बाप होता, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे. बापाचं प्रेम आणि मुलीचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता जर-तर. समजा निकोलस लिवादियातच गेला असता, आणि जाण्याआधी ती सही करून गेला असता.

पाच वर्षांची ओल्गा सम्राज्ञी झाली असती. पावेलच्याच कायद्याप्रमाणे ती सोळा वर्षांची होईपर्यंत कारभार आईकडे, म्हणजे अलेक्झांड्राकडे आला असता. जर्मनीतून आलेली, लाजरी, दरबारात कुणाला फारशी न आवडणारी अठ्ठावीस वर्षांची विधवा. पोटात एक, पदराला तीन. समोर चार चुलत सासरे, त्यातले व्लादिमीर तर राजधानीच्या फौजांचेच प्रमुख. शिवाय जिच्याशी कधीच फारसं जमलं नाही अशी सासू. सुखानं राज्य करू दिलं असतं का तिला? स्पेनमध्ये १८३३ साली तीन वर्षांचीही नसलेली इसाबेला गादीवर आली, तेव्हा तिच्या सख्ख्या काकानं सात वर्षं यादवी युद्ध पेटवलं. काका मंडळींचा हा स्वभाव पेशवाई वाचलेल्या मराठी माणसाला नवा नाही.

पण दुसरंही उदाहरण आहे, आणि ते अगदी त्याच काळातलं. हॉलंडमध्ये १८९० साली दहा वर्षांची विल्हेल्मिना राणी झाली. तिच्या आईनं, एमानं, आठ वर्षं कारभार पाहिला आणि १८९८ मध्ये अठरा वर्षांच्या लेकीच्या हाती सोपवला. काही आकाश कोसळलं नाही. विल्हेल्मिनानं पुढे पन्नास वर्षं राज्य केलं. अलेक्झांड्रा स्वतः तर इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची नात. आई लहानपणीच गेल्यामुळे आजीच्या मायेत वाढलेली. अठराव्या वर्षी गादीवर बसलेली बाई तिनं घरातच पाहिली होती. तरीही आपल्या मुलीला गादी मिळावी म्हणून ती लढली नाही. ती मुलगा व्हावा म्हणून झुरत राहिली.

माझ्या मते ही गोष्ट खरी सुरू होते ती इथे. राजवाड्यातल्या त्या सुनेची हकिकत वाचताना आपल्याला आपल्याच वस्तीतल्या बायका दिसायला लागतात. १८९५ च्या नोव्हेंबरात ओल्गा जन्मली, तेव्हा राजधानीत एकशे एक तोफांची सलामी झाली. मुलगा असता तर तीनशे झाल्या असत्या. लोक तोफा मोजत होते. एकशे एकावर थांबल्या, तशी सगळ्या शहराला कळलं. १८९७ ला दुसरी, १८९९ ला तिसरी, १९०१ ला चौथी. दर बाळंतपणाला नातेवाइकांचे चेहरे उतरत गेले. मग बुवाबाजी आली. फ्रान्समधल्या लियों गावचा फिलिप नावाचा एक ‘दैवी वैद्य’. विनापरवाना औषधोपचार केल्याबद्दल तिथे त्याच्यावर खटले झालेले. त्यानं मुलाचं वचन दिलं. १९०२ मध्ये अलेक्झांड्राला दिवस गेले असं सगळ्यांनी मानलं, तयारी झाली आणि शेवटी गर्भ वाढत नाहीये असं सरकारी निवेदन काढून सांगावं लागलं. एका बाईच्या पोटाविषयी सरकारी निवेदन! १९०३ च्या उन्हाळ्यात सारोव्हला संत सेराफिमच्या झऱ्यात रात्री स्नान केलं. नवसच तो. १९०४ मध्ये मुलगा झाला, अलेक्सेई. तीनशे तोफा झाल्या. पाळण्यातल्या पोराला कोसॅक फौजांचं प्रमुखपद मिळालं. सहा आठवड्यांत कळलं, की त्याला रक्त न गोठण्याचा आजार आहे. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. म्हणजे मुलगी झाली तेव्हाही दोष तिचा, आणि मुलगा झाला तेव्हाही तिचाच. पुढे रास्पुतीन आला तो याच आजाराचं बोट धरून.

इथून जर-तरवाले उडी मारतात. ओल्गा वारस असती तर अलेक्सेईची गरज नव्हती, अलेक्सेई नाही तर रास्पुतीन नाही, रास्पुतीन नाही तर क्रांती नाही. मला हे पटत नाही. जमिनीची भूक, कारखान्यातले चौदा-चौदा तास, १९०५ च्या जानेवारीत निःशस्त्र मोर्च्यावर झाडलेल्या गोळ्या, जपानशी आणि मग जर्मनीशी लढाया, यांतली एकही गोष्ट रास्पुतीननं आणली नव्हती. आणि या तर्कात एक खोच आहे. राज्य बुडालं कशानं, तर बाई बुवाच्या नादी लागली म्हणून! सगळं खापर परक्या देशातून आलेल्या सुनेच्या डोक्यावर. तिच्या चुका होत्या, राजकारणात तिनं दिलेले सल्ले घातक होते. पण मुलगाच हवा ही अट तिनं घातलेली नव्हती. ती अट घालून तिला त्या वाटेला लावणारा कायदा मात्र कुणाच्या शिव्या खात नाही.

दुसरं म्हणजे, मुलीला हक्क का द्यायचा, तर त्यानं घराणं वाचलं असतं म्हणून? ‘मुलगी शिकली, प्रगती झाली’ या घोषणेबद्दल आपल्यात जी कुरकुर असते तीच इथे. मुलीनं शिकायचं ते कुटुंबाच्या प्रगतीसाठी, मुलीला जगवायचं ते उद्या मुलांना बायका मिळाव्यात म्हणून. ओल्गाला गादी मिळून रोमानोव्ह घराणं दुसऱ्या दिवशी कोसळलं असतं, तरी मुलगी म्हणून तिला वगळणं अन्यायच होता.

आता ज्येष्ठ मैत्रिणीच्या आक्षेपाकडे येते. गादीवर बाई असली म्हणून बाकीच्या बायकांचं काय भलं होतं? दुसऱ्या कॅथरीनचं उदाहरण समोर आहे. तिनं सरदारांच्या मुलींसाठी स्मोल्नीची शाळा काढली, विज्ञान अकादमीच्या प्रमुखपदी एकातेरिना दाश्कोवा ही बाई नेमली. त्याच कॅथरीननं १७६७ मध्ये भूदासांना मालकाविरुद्ध तक्रार करायचीही बंदी केली, आणि लाखो शेतकरी आपल्या मर्जीतल्या लोकांना इनाम म्हणून वाटून टाकले. शेतकऱ्यांत बायका होत्याच. हॉलंडचंही तेच. विल्हेल्मिना गादीवर येण्याच्या तीनच वर्षं आधी, १८८७ मध्ये, तिथल्या घटनेत मतदार ‘पुरुष’च असेल असा शब्द घालण्यात आला. कारण आलेटा याकोब्स या डॉक्टरबाईंनी मतदार यादीत आपलं नाव घाला म्हणून अर्ज केला होता. कायद्यात ‘पुरुष’ असं कुठे लिहिलंय, हा त्यांचा बिनतोड प्रश्न. म्हणजे मुलगी राणी होऊ शकत होती, पण राणीला मत नसलेल्या प्रजेतल्या बाईला मतदार होता येत नव्हतं. डच बायकांना मत मिळायला १९१९ साल उजाडलं. पण तिथल्या बायका हुशार. १८९८ मध्ये राणीच्या अभिषेकाचा मुहूर्त साधून त्यांनी हेगमध्ये स्त्रियांच्या श्रमाचं राष्ट्रीय प्रदर्शन भरवलं. राणीकडे मागणं मागायला गेल्या नाहीत, राणीचं निमित्त वापरलं.

उलटंही झालं. मुलीला गादी न देणाऱ्या निकोलसच्याच सहीनं १९०६ मध्ये फिनलंडच्या बायकांना मत देण्याचा आणि निवडणूक लढवण्याचा हक्क मिळाला. फिनलंड तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. १९०५ च्या संपानं सरकारला वाकवलं होतं, फिनिश बायका त्या संपात होत्या. पुढच्याच वर्षी दोनशे जणांच्या सभागृहात एकोणीस बायका निवडून आल्या. ओल्गा तेव्हा अकरा वर्षांची होती.

मग गादीचा कायदा आपल्या कामाचा नाहीच का? आहे. कारण तो एकटा नव्हता. त्याच रशियात साध्या घरातल्या मुलीला, भाऊ असेल तर, बापाच्या स्थावर मालमत्तेत चौदावा हिस्सा होता. १९१२ मध्ये कायदा सुधारला, मुलींना बरोबरीचा वाटा मिळाला, पण शेतजमीन वगळून. तिथे सातवा हिस्सा. खेड्यात तर गावकीच्या जमिनीचं वाटप बहुतेक ठिकाणी घरातले पुरुष मोजून होई. तिथल्या मुलीला चौदावाही नाही. वर सिंहासन, मधे मालमत्ता, खाली जमिनीचा तुकडा, आणि तिन्हीकडे मोजणारा हात एकच. हे ऐकून आमच्या बैठकीतल्या एकीला एकदम आपलं आठवलं. १९९४ साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा दिला तो तेव्हा लग्न झालेल्यांना वगळून. तिचं लग्न त्याआधीच झालेलं. २००५ मध्ये केंद्राचा कायदा सुधारला, तोवर भावानं हक्कसोडपत्रावर तिची सही घेऊन ठेवली होती. साडी-चोळी केली, माहेर तुटायला नको म्हणून तिनंही दिली. ती म्हणाली, “ओल्गाचा बाप सही करत नव्हता, माझ्याकडून मात्र करून घेतली.”

ओल्गाचं पुढे काय झालं? जर-तरमध्ये १९११ च्या नोव्हेंबरात ती सोळा वर्षांची होऊन पूर्ण अधिकाराची सम्राज्ञी झाली असती. प्रत्यक्षात त्या दिवशी लिवादियाच्या नव्या राजवाड्यात तिच्यासाठी नाच झाला. गुलाबी झगा, पहिल्यांदाच वर बांधलेले केस. त्याआधी दोन वर्षं तिला एका हुसार पलटणीचं मानद प्रमुखपद दिलं होतं. गणवेशातले तिचे फोटो आहेत. पलटण शोभेला चालते. १९१४ मध्ये रुमानियाच्या राजपुत्राशी लग्न जुळवायचं घाटत होतं. मला रशियातच राहायचंय, म्हणून तिनं ते नाकारलं आणि आईबापांनी तिचं ऐकलं. युद्ध सुरू झाल्यावर ती परिचारिकेचं शिक्षण घेऊन जखमी सैनिकांच्या इस्पितळात राबली. अभ्यासात ती हुशार होती, असं शिकवणाऱ्यांनी लिहून ठेवलंय. ती चांगली राज्यकर्ती झाली असती का, हे सांगता येत नाही. सांगायची गरजही नाही. निकोलसला गादी देताना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

१९१७ सालच्या जुन्या रशियन पंचांगातल्या २३ फेब्रुवारीला, म्हणजे आपल्या ८ मार्चला, पेत्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका भाकरी मागत रस्त्यावर उतरल्या. त्याच दिवशी राजवाड्यात ओल्गा आणि अलेक्सेई गोवरानं आजारी पडले. आठवड्याभरात झारनं गादी सोडली. आजारी मुलाचाही हक्क सोडला आणि भावाला, त्याच मिखाईलला, वारस केलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी नकार दिला. एकवीस वर्षांच्या ओल्गाचं नाव याही वेळी निघालं नाही.

क्रांतीनंतरच्या हंगामी सरकारनंही बायकांच्या मताचं नंतर बघू असंच धोरण ठेवलं होतं. १९ मार्चला पोलिक्सेना शिश्किना-याव्हेन या डॉक्टरबाईंच्या पुढाकारानं सुमारे चाळीस हजार बायकांचा मोर्चा निघाला. वीस वर्षांहून जास्त तुरुंग भोगलेल्या वेरा फिग्नर सोबत होत्या. उत्तर मिळाल्याशिवाय त्या हलल्या नाहीत. जुलैत कायदा झाला. वीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्रीला घटना समितीच्या निवडणुकीत मत.

मतदान नोव्हेंबरात सुरू झालं. ओल्गा तेव्हा सायबेरियात तोबोल्स्कला नजरकैदेत होती, आदल्याच आठवड्यात तिला बाविसावं वर्ष पुरं झालं होतं. मतदानाच्या कायद्यात एक कलम होतं. माजी राजघराण्यातल्या कुणालाही मत नाही. १९१८ च्या जुलैत येकातेरिनबुर्गला तिला, तिन्ही बहिणींना, भावाला आणि आईबापांना गोळ्या घातल्या. तोबोल्स्कच्या बायकांनी मात्र त्या नोव्हेंबरात, थंडीत, घटना समितीसाठी मत दिलं.

आपली,
संपादक